सहलींच्या नोंदणीपत्रकांतील इंग्रजी : आसनगाव-माहुली परिसराच्या निमित्ताने

सहलीचे नोंदणीपत्रक हा विद्यापीठीय भाषाभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे म्हटले तर पुष्कळांस ते प्रथमदर्शनी पटणार नाही. चार-सहा ओळींचा मजकूर, त्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि पैसे. त्यात अभ्यासण्यासारखे ते काय असणार? परंतु भाषेचा कस जसा काव्यात लागतो तसाच तो अशा व्यावहारिक मजकुरातही लागतो. एखाद्या कवितेचा अर्थ दोन वाचकांनी दोन प्रकारे लावला तर आपण तिची अर्थसमृद्धी वाखाणतो. नोंदणीपत्रकाचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला तर त्यांपैकी एक जण भलत्याच रात्री भलत्याच स्थानकावर जाऊन उभा राहतो.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत होणाऱ्या सहलींची माहिती इंग्रजीत देताना कोणते दोष संभवतात, त्यांचे मूळ कशात आहे आणि ते कसे टाळता येतील, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. हे दोष इंग्रजी व्याकरणाच्या कच्चेपणातून उद्भवतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. मराठीत न सांगताही कळणाऱ्या गोष्टी इंग्रजीत शब्दांनी सांगाव्या लागतात, ह्याचे भान न राहणे हे त्यांचे खरे कारण होय.

१. परिसर आणि वाचक

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील स्थानक मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. वासिंद ते आसनगाव हा लोहमार्ग १८६० साली खुला झाला आणि पुढील वर्षी तो कसाऱ्यापर्यंत गेला. शहापूर ह्या तालुक्याच्या गावाचे हेच नजीकचे स्थानक; शहापूर नावाचे स्थानक ह्या मार्गावर नाही. येथूनच माहुली किल्ल्याच्या पायथ्याच्या गावी जाता येते. हा डोंगर सुमारे २,८१५ फूट उंचीचा आहे. भंडारगड, माहुली आणि पळसगड अशी त्याची तीन अंगे आहेत. १६३६ साली शहाजीराजांनी ह्याच किल्ल्याचा आश्रय घेतला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० साली पुन्हा स्वराज्यात आला. भोवती तानसा अभयारण्याचे रान आहे. मुरबाडच्या बाजूस गोरखगड, सिद्धगड, माळशेज आणि सातवाहनांच्या लेखांमुळे विश्रुत झालेला नाणेघाट ही स्थळे आहेत.

येथे येणारा पाहुणा बहुधा मुंबईचा रहिवासी असतो. परंतु मुंबईचा म्हणजे मराठी भाषक, असे मात्र नव्हे. तमिळ, बंगाली, मल्याळी कुटुंबे असतात, क्वचित परदेशी पाहुणे असतात. म्हणून सहल नेणाऱ्या मंडळींस इंग्रजीचा आश्रय करावा लागतो. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नाही आणि बहुतेक वाचणाऱ्यांचीही नाही. अशा प्रसंगी भाषेचा डौल निरुपयोगी ठरतो. दोन्ही पक्षांस एकच अर्थ देणारा साधा शब्दच उपयोगी पडतो.

२. प्रकरणाचा अभाव

आपल्या शास्त्रकारांनी वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्यांची आवश्यकता सांगितली आणि अनेकार्थी शब्दाचा निर्णय प्रकरणावर, म्हणजे प्रसंगाच्या संदर्भावर, सोपविला. ह्याचे परंपरागत उदाहरण सैंधवाचे. जेवणाऱ्याने 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावयाचे. प्रवासास निघालेल्याने तेच म्हटले तर सिंधु देशाचा घोडा आणावयाचा. शब्द एकच, पण ऐकणारा चुकत नाही, कारण तो बोलणाऱ्याच्या समोर असतो.

नोंदणीपत्रकाचा वाचक असा समोर नसतो. त्याने आसनगाव पाहिलेले नसते, सहलीच्या प्रघाताची त्यास माहिती नसते, आणि शंका आली तरी तत्काळ विचारण्याची सोय असतेच असे नाही. प्रकरणाचे सर्व कार्य येथे शब्दांनाच करावे लागते. उलट लिहिणारा त्या परिसरात इतका मुरलेला असतो की आपण काय गाळले हे त्याच्या लक्षातही येत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये केवळ माहिती देत नसून ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा विचार मांडला. नोंदणीपत्रकातील वाक्ये ह्याच जातीची होत. 'मार्गदर्शक स्थानकावर थांबेल' हे वाक्य वर्णनासारखे दिसत असले तरी वस्तुतः ते वचन आहे. जे वचन दोन प्रकारे वाचता येते ते पाळले की मोडले, हे कोणासच सांगता येणार नाही.

३. एक नमुना

विवेचनाच्या सोयीसाठी असा एक नमुना रचून पाहू. ह्यातील प्रत्येक शब्दप्रयोग आपल्याकडील व्यवहारात रुळलेला आहे.

'माहुली ईझी ट्रेक ऑन नेक्स्ट सॅटर्डे नाइट. १२.१० ए.एम. लोकल. मीटिंग ॲट स्टेशन. चार्जेस ८००/- ऑल इन्क्लुसिव्ह एक्स-आसनगाव. पे टिल फ्रायडे. कॅन्सलेशन बिफोर थ्री डेज. लंच टु बी कॅरीड.'

ह्या मजकुरात व्याकरणाची मोठी चूक शोधूनच काढावी लागेल. तरीही त्यावर विसंबून अनोळखी माणसाने घर सोडणे धोक्याचे आहे. का, ते क्रमाने पाहू.

४. काळ

प्रथम 'नेक्स्ट सॅटर्डे'. मराठीत 'येत्या शनिवारी' आणि 'पुढच्या शनिवारी' असे दोन प्रयोग आहेत आणि बोलणारा त्यांतील भेद बहुधा पाळतो. इंग्रजीत उतरताना दोहोंचेही 'नेक्स्ट' होते. बुधवारी हे पत्रक वाचणाऱ्याने तीन दिवसांनी निघावयाचे की दहा दिवसांनी, ह्याविषयी जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकवाक्यता आढळत नाही.

ह्याहून गंभीर प्रश्न 'सॅटर्डे नाइट १२.१० ए.एम.' ह्या शब्दांत दडलेला आहे. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. म्हणून रात्री साडेबारा वाजले तरी मराठी माणसाच्या लेखी ती शनिवारचीच रात्र असते, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही. इंग्रजी पद्धतीचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. शनिवारचे '१२.१० ए.एम.' म्हणजे त्या पद्धतीने शुक्रवारची मध्यरात्र उलटून गेल्यावरची दहा मिनिटे. नियमाने वाचणारा पाहुणा चोवीस तास आधी येईल. मध्यरात्रीच्या आगेमागे सुटणाऱ्या कसारा गाडीने जाऊन पहाटे पायथा गाठण्याचा प्रघात ह्या भागात असल्यामुळे ही अडचण केवळ तात्त्विक राहत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकाने चोवीस तासांचे घड्याळ स्वीकारले आहे. तेच येथेही स्वीकारावे, आणि जोडीस दोन्ही वारांची नावे द्यावीत.

वेळ सांगताना कोणते घड्याळ अभिप्रेत आहे हेही सांगावे लागते, ह्याचा अनुभव ह्याच लोहमार्गाने पूर्वी घेतलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचे व्यवहार मद्रास वेळेवर चालत, तर मुंबई शहराचे घड्याळ त्याहून सुमारे अर्धा तास मागे असे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असणारी मुंबई वेळ शहरात पुढे कित्येक दशके टिकून राहिली. 'आठ वाजता' हे शब्द त्या काळी अपुरेच होते.

आकड्यांत लिहिलेल्या तारखेचीही हीच स्थिती आहे. '०५/०६' हे आपणांस ५ जून वाटते. अमेरिकन वाचक ते ६ मे असे वाचतो. ५ जून म्हणजे पावसाळ्याचा उंबरठा. ६ मे म्हणजे ऐन उन्हाळा. माहुलीच्या चढणीवर ह्या दोन दिवसांत पाण्याची, पादत्राणांची आणि जोखमीची गणिते सर्वस्वी भिन्न असतात. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की हा संशय फिटतो.

५. मर्यादा

'पर्यंत' हे मराठी शब्दयोगी अव्यय मोठे कामसू आहे. 'शुक्रवारपर्यंत पैसे भरावेत' आणि 'शुक्रवारपर्यंत नोंदणी चालू राहील' ह्या दोन्ही वाक्यांत ते चालते. पहिल्यात एकदाच करावयाच्या कृतीची शेवटची मुदत आहे. दुसऱ्यात सतत चालणाऱ्या अवस्थेचा शेवट आहे. इंग्रजीत पहिलीस 'बाय' आणि दुसरीस 'अन्टिल' किंवा 'टिल' असे वेगळे शब्द लागतात. 'पे टिल फ्रायडे' असे लिहिले तर, काटेकोरपणे पाहता, शुक्रवार येईतो पैसे भरीतच राहावे असा विलक्षण अर्थ होतो. वाचक तो अर्थ घेणार नाही, हे खरे. तथापि शुक्रवार धरून की वगळून, आणि धरून असल्यास किती वाजेपर्यंत, हा प्रश्न उरतोच.

'बिफोर थ्री डेज' हा प्रयोग तर मराठी वाक्याची सरळ छाया आहे. 'तीन दिवस आधी' ह्यातील 'आधी'चे 'बिफोर' झाले आणि ते संख्येपुढे जाऊन बसले. इंग्रजी वाचकास त्यातून 'तीन दिवस उलटण्यापूर्वी' असा अर्थ प्रतीत होतो. म्हणजे सहलीच्या तीन दिवस अगोदर कळवा, असे सांगावयाचे असता, नोंदणी केल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवा, असे सांगितले जाते. हे दोन अर्थ परस्परांपासून इतके दूर आहेत की पैसे परत मिळणार किंवा नाही, हे त्यांवरच ठरते. ह्यावर सर्वांत सोपा उपाय असा की दिवस मोजण्याचे काम वाचकावर न टाकता लेखकाने स्वतःच मोजून तारीख द्यावी.

वयाच्या मर्यादेविषयीही हेच. 'बारा वर्षांखालील' आणि 'बारा वर्षांवरील' अशी दोनच वर्गवारी केली तर बरोबर बारा वर्षांचे मूल कोठेच बसत नाही.

६. स्थळ

'मीटिंग ॲट स्टेशन' ह्यातील स्थानक कोणते? लिहिणारा शहापूरचा असेल तर त्याच्या लेखी स्थानक एकच, ते आसनगावचे. वाचक मात्र नकाशात शहापूर नावाचे स्थानक शोधीत बसेल. 'माहुली' हे नावही एकमेव नव्हे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावर दुसरी माहुली आहे. नुसत्या नावावरून शोध घेणारा परका माणूस कोणत्या माहुलीस पोहोचेल, ह्याचा भरवसा कोणी द्यावा?

गाडीविषयी सांगावयाचे तर, 'आसनगाव लोकल' एवढेच लिहिणे अपुरे आहे. कसाऱ्यास जाणारी उपनगरी गाडीही आसनगावास थांबते, ही गोष्ट नित्याच्या प्रवाशास सांगावी लागत नाही. नवखा मात्र फलकावर आसनगाव हे नाव न दिसल्याने समोरची गाडी सोडून देतो. कल्याणला मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो. ज्याने 'कल्याणच्या पुढे' एवढेच ध्यानी ठेवले तो कर्जतच्या वाटेला लागण्याचा संभव आहे. पत्रकात जशी घ्यावयाची गाडी सांगावी तशी न घ्यावयाची गाडीही सांगावी.

मुरबाडच्या बाजूचे नाणेघाटाचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. 'नाणेघाट टूर' म्हटले की मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या बाजूने घाट चढून जाणे, असा एक अर्थ होतो. जुन्नरच्या बाजूने वाहनाने घाटमाथ्यावर पोहोचणे, असा दुसराही होतो. स्थळ एकच, परंतु पहिल्यास दमदार पाय लागतात आणि दुसऱ्यास केवळ सवड. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाने कोणती नोंदणी करावी, हे स्थळाच्या नावावरून कळणार नाही. वाट कोठून सुरू होते ते लिहिल्यानेच कळेल. 'ईझी' ह्या विशेषणाचेही असेच आहे. सराव असलेल्यास जे सोपे तेच नवख्यास दुस्तर. माहुलीच्या प्रचलित वाटेवर माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. उंचीची भीती वाटणाऱ्या माणसाला 'सोपे' ह्या शब्दापेक्षा त्या शिडीचा उल्लेख शतपटीने उपयुक्त होय.

७. पैसा आणि कर्ता

'एक्स-आसनगाव' हा प्रवासधंद्यातील सांकेतिक शब्द. त्याचा अभिप्राय असा की किंमत आसनगावापासून पुढची आहे, तेथपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. धंद्याबाहेरच्या वाचकाला तो कळण्याचे कारण नाही. त्याच्या इंग्रजीत 'एक्स' म्हणजे 'माजी'. तो 'ऑल इन्क्लुसिव्ह' हे शब्द मात्र वाचतो आणि रेल्वेचे तिकीट, वनखात्याचे शुल्क असल्यास तेही, सारे आले असे समजतो. रकमेपुढील तिरपी व आडवी रेघ ही आपली हिशेबी खूण. परदेशी पाहुण्यास तीही अपरिचित. काय आले आणि काय आले नाही, ह्या दोन स्वतंत्र याद्या देण्यावाचून गत्यंतर नाही. नाणेघाटाच्या लेण्यातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण ह्यांच्या संख्या अंकांनी नोंदविल्या आहेत. देण्याघेण्याची गोष्ट मोघम ठेवू नये, हे शहाणपण ह्या डोंगरात जुनेच आहे.

आता 'लंच टु बी कॅरीड' हे शेवटचे वाक्य. मराठीत 'जेवणाचा डबा सोबत घ्यावा' असे म्हटले की कर्ता सांगावा लागत नाही. विध्यर्थी क्रियापदाचा रोख वाचकाकडे आहे, हे आपोआप कळते. इंग्रजी कर्मणी रचनेत कर्ता गळला की तो खरोखरच नाहीसा होतो. डबा पाहुण्याने न्यावयाचा की तो सहल नेणाऱ्यांकडून नेला जाणार? दोन्ही अर्थ सारखेच संभवतात, आणि चुकीचा घेतला तर गडावर उपाशी राहण्याची पाळी येते. 'द अमाउंट विल बी रिफंडेड' ह्या वाक्यातही कोण, केव्हा आणि किती परत करणार, हे तिन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात. सरकारी इंग्रजी सुबोध व्हावी म्हणून ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स ह्यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले; नेमका आणि परिचित शब्द निवडावा, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा. आपल्या प्रस्तुत विषयात त्यास एवढीच जोड द्यावी की 'यू' आणि 'वुई' ही सर्वनामे संकोच न करता वापरावीत. मराठी मनास ती कदाचित उद्धट वाटतील. इंग्रजीत ती जबाबदारीची वाटणी करतात.

८. कायद्याची बाजू

ह्या सर्वांस कायद्याचीही एक बाजू आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ ह्याच्या कलम २९ अन्वये ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार शून्य होय. कलमाखालील दृष्टांतांपैकी एकात, माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांस विकतो, असे म्हणणारा मनुष्य दाखविला आहे. दोहोंपैकी किंमत कोणती हे ठरविण्यास काहीच साधन नाही, म्हणून तो करार शून्य ठरतो. संदिग्ध शब्दांचा अर्थ, ते शब्द योजणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असाही एक निर्वचनाचा नियम न्यायालयांत प्रचलित आहे. तेव्हा मोघम लिहिण्यात सहल नेणाऱ्याचे हित आहे, अशी कोणाची कल्पना असेल तर ती त्याने सोडून द्यावी. पायथ्याच्या गावातून वाट दाखविण्यास येणाऱ्या तरुणाचे त्या दिवसाचे उत्पन्न अशा मजकुरावर अवलंबून असते. पाहुणा चुकीच्या दिवशी आला तर त्याची सुटी फुकट जाते आणि ह्याची मजुरी बुडते.

९. सुधारलेला नमुना

वरील विवेचनास अनुसरून तोच मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

'वॉक टु माहुली फोर्ट, निअर आसनगाव, ठाणे डिस्ट्रिक्ट. डेट : संडे, १८ जानेवारी २०२६. मीट अस ॲट ०६.३० इन द मॉर्निंग, ॲट द टिकिट विंडो ऑफ आसनगाव रेल्वे स्टेशन. टेक अ लोकल ट्रेन टु आसनगाव ऑर कसारा. डू नॉट टेक अ ट्रेन टु कर्जत ऑर खोपोली. इफ यू टेक द ट्रेन ॲट ००.१० अवर्स, यू मस्ट लीव्ह होम ऑन सॅटर्डे नाइट, १७ जानेवारी. निअर द टॉप यू मस्ट क्लाइम्ब ॲन आयर्न लॅडर. प्राइस : ८०० रुपीज फॉर ईच पर्सन. धिस इन्क्लूड्स अ जीप फ्रॉम द स्टेशन टु माहुली व्हिलेज ॲण्ड बॅक, ब्रेकफास्ट, ॲण्ड अ गाइड. इट डझ नॉट इन्क्लूड युवर ट्रेन टिकिट ऑर एनी फॉरेस्ट फी. ब्रिंग युवर ओन लंच ॲण्ड थ्री लिटर्स ऑफ वॉटर. पे बाय ६ पी.एम. ऑन मंडे, १२ जानेवारी. इफ यू कॅन्सल ऑन ऑर बिफोर वेन्सडे, १४ जानेवारी, वुई विल रिटर्न ऑल युवर मनी. इफ यू कॅन्सल लेटर, वुई विल रिटर्न नथिंग. इफ वुई कॅन्सल, वुई विल रिटर्न ऑल युवर मनी.'

हा मजकूर पहिल्यापेक्षा पुष्कळ लांब झाला आहे, हे उघड आहे. तथापि त्यात एकही अवघड इंग्रजी शब्द नाही आणि शाळेत शिकविल्या जाणाऱ्या इंग्रजीपलीकडची एकही रचना नाही. लांबी वाढली ती माहितीने. शेवटचे वाक्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या नमुन्यात सहल आयोजकांकडूनच रद्द झाली तर काय, ह्याचे उत्तर नव्हते. ते इंग्रजीच्या अभावी राहिले नव्हते. तो प्रश्न कोणी विचारातच घेतला नव्हता. लेखन स्पष्ट करू लागताच असे अनिर्णित प्रश्न उघडे पडतात आणि आयोजकास निर्णय घेणे भाग पडते. म्हणूनच आमचे मत असे की मजकूर इंग्रजीत लिहिण्यापूर्वी तो मराठीत, आसनगाव कधीही न पाहिलेल्या मराठी वाचकासाठी, लिहून पाहावा. विदर्भातील वा बेळगावकडील माणसास जो मराठी मजकूर पुरेसा होईल, त्याचे इंग्रजी करणे फारसे कठीण जात नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्या विषयात कामास पुष्कळ वाव आहे. शहापूर, मुरबाड आणि घाटमाथ्यावरील जुन्नर येथील अशी पत्रके गोळा करावीत. त्यांतील काळवाचक, मर्यादावाचक आणि स्थलवाचक प्रयोगांची वर्गवारी करावी, आणि ते मराठी न जाणणाऱ्या वाचकांपुढे ठेवून त्यांस काय अर्थबोध झाला तो नोंदवावा. मराठी व इंग्रजी ह्यांच्या तौलनिक व्याकरणास त्यातून जिवंत सामग्री मिळेल, आणि पत्रके लिहिणाऱ्यांसही तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल.